कॉलनीच्या बागेत पाडव्यापर्यंत फुलं हवीत, कोणते कंद लावू? (लातूर)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेत आधी कचरा पडायचा. आता सात-आठ घरं मिळून तिथं बाग करतोय. कण्हेर, जास्वंद जगलीत. मधला २० बाय १० फुटांचा वाफा मात्र रिकामाच आहे. शिमग्यापासून पाडव्यापर्यंत तिथं रंग दिसावा, असं फार मनात आहे. त्या दिवसांत आमच्याकडं सगळं करपायला लागतं. शेजारच्या आजी रोज संध्याकाळी काठी टेकत तिथल्या बाकावर येऊन बसतात, त्यांच्यासमोर काहीतरी फुललेलं असावं.

मागच्या दिवाळीनंतर ट्यूलिपचे ४० कंद ऑनलाइन मागवले होते. पोरांनी हौसेनं रोज पाणी घातलं. निम्म्यांना कोंब आले, वीतभर पानं झाली आणि जानेवारीत पिवळी पडली. उकरून बघितलं तर कंद मऊ पडून कुजलेले. पैसे वर्गणीचे, त्यामुळं जिवाला लागलं. नंतर कळलं, ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. श्रीनगरला ती जमिनीतच मिळते, लातूरला कुठून मिळणार?

माती काळी, चिकट. बोअर फेब्रुवारीपर्यंतच धड चालतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. टँकरचं पाणी फुलांना घालणं मला पटत नाही. काहीजण निशिगंध लावा म्हणायलेत, काहीजण ग्लॅडिओलस. काय करू? कोजागरी तोंडावर आलीय.

प्रतिसाद (परभणी):
ताई, निशिगंध आता नको, तो उन्हाळ्याच्या तोंडाला लावतात आणि थंडीत फारसा फुलत नाही. ग्लॅडिओलस आत्ता लावा, पण सगळे एकदम नको. दर पंधरा दिवसांनी थोडे, नोव्हेंबरअखेरपर्यंत. ८०-९० दिवसांत दांडे येतात, म्हणजे फेब्रुवारी निघेल. पाडव्याला मात्र ते टिकणार नाहीत, ऊन सोसत नाही. त्यासाठी अ‍ॅमरिलिस. डिसेंबर-जानेवारीत त्याचं पाणी तोडायचं, फेब्रुवारीत परत सुरू करायचं, मार्च-एप्रिलात फुलतो. कंदाची मान मातीच्या वर ठेवा.

आणि तुमचे कंद थंडीअभावी फुलले नाहीत हे खरं, पण कुजले ते रोजच्या पाण्यानं. काळ्या मातीत सपाट वाफा करूच नका. वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण घातलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) होते.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. पाणी तोडायचं हे ऐकूनच हायसं वाटलं. रविवारी पोरांना घेऊन गादीवाफा करते. आणखी एक विचारते, अ‍ॅमरिलिसचे कंद फुलं झाल्यावर जमिनीतच ठेवले तर पावसाळ्यात तग धरतील का, की काढून सावलीत ठेवायचे? लातूर-नांदेडकडं कुणी ठेवलेत का?