टू हँड बटनावर टेप होती, पोराची बोटं गेली. "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहिलेल्या रिपोर्टवर सही करू का?

चाकण_बी_शिफ्ट · १२ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, ऑफिसात कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे.

मी चाकणला एका छोट्या व्हेंडरकडे प्रेस शॉपला सुपरवायझर आहे, सहा वर्षं झाली. गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराच्या सुमारास ६३ टनी प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) आमच्या एका पोराची डाव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं, दोन्हीचं वरचं पेर. वय २२, बीडकडचा, ठेकेदाराच्या रोलवर, येऊन जेमतेम चार महिने. जॉब, म्हणजे पत्र्याचा नग, डायमध्ये (साच्यात) तिरका बसला होता तो डाव्या हाताने सरळ करत होता आणि त्याच नादात उजव्या हाताने बटन दाबलं गेलं. आता टू हँड (दोन बटनं, दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येतो) असताना एका हाताने स्ट्रोक पडलाच कसा, तर डावीकडच्या बटनावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, आत पुठ्ठ्याची घडी. आणि ती टेप त्या रात्रीची नव्हती. तेलाने कडा वळलेल्या, वर कुणीतरी दुसरा वेढा मारलेला. मी ती निदान महिनाभर रोज बघत होतो. बोललो नाही.

आता एचआरने रिपोर्ट टाइप करून आणलाय, "वारंवार सूचना देऊनही ऑपरेटरने सुरक्षा साधनाशी छेडछाड केली, अपघात त्याच्या निष्काळजीपणामुळे झाला". खाली माझं नाव. मी एकदाही सूचना दिलेली नाही. म्हणतात फॉर्मॅलिटी आहे, सगळीकडे असंच लिहितात.

सही केली तर त्या पोराचे पैसे अडकतील का? नाही केली तर माझ्यावर येईल का? आणि कायद्याने दोष नक्की कुणाचा धरतात? घरी दोन लहान मुलं आहेत, नोकरी घालवून चालणार नाही, पण हे लिहून दिलं तर मला झोप लागणार नाही.

भोसरी_प्रेसशॉप · १२ ऑगस्ट

दादा तुमचं दुःख समजतं पण एक बाजू मीही सांगतो. माझ्याकडे अकरा प्रेस आहेत, मी स्वतः ब्लेडने टेप कापून काढतो, दुसऱ्या दिवशी परत लावलेली असते. टेप नसली तर आगपेटीची काडी खुपसतात. टूलबॉक्स टॉक (कामाआधी सुरक्षेवर छोटी बैठक) झाले, पोस्टर लावले, एकाला घरी पाठवला. माणूस स्वतःच्या बोटाची काळजी घेणार नसेल तर सुपरवायझरने काय करायचं? कायद्यात कामगाराचीही जबाबदारी आहेच ना.

निवृत्त_निरीक्षक · १३ ऑगस्ट

मी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात बरीच वर्षं काढली, आता घरी असतो. प्रेसचे अपघात इतके पाहिलेत की तुमची पोस्ट वाचताना ती टेप डोळ्यापुढे आली.

भोसरीवाल्यांना आधी उत्तर देतो. हो, आत्ता २०२४ मध्ये लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १११ प्रमाणे कामगाराने सुरक्षेच्या साधनाशी मुद्दाम खेळ करायचा नाही, शिक्षाही आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड. पण त्याच कायद्यात कलम २१ आहे, धोकादायक भागाला आडोसा हवा आणि मशीन चालू असताना तो जागेवरच ठेवायचा, आणि कलम ७क आहे, कामगारांची सुरक्षा बघणं हे भोगवटादाराचं, म्हणजे ऑक्युपायरचं (कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे त्याचं) कर्तव्य. कंपनी असेल तर ऑक्युपायर म्हणून संचालकच धरला जातो, मॅनेजरला किंवा फोरमनला ऑक्युपायर करून सुटता येत नाही, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने जेके इंडस्ट्रीजच्या निकालात हे पक्कं केलं. कलम ९२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड.

आता तुमच्या कामाची गोष्ट, नीट वाचा. कलम १०१ असं आहे की ऑक्युपायर किंवा मॅनेजर कोर्टात म्हणू शकतो, मी पुरेपूर काळजी घेतली होती, खरा गुन्हेगार हा दुसरा माणूस आहे, आणि ते सिद्ध झालं तर तो सुटतो. "वारंवार सूचना दिल्या" या वाक्यावर तुमची सही असली की काळजी घेतल्याचा पुरावा तयार. आणि उद्या तो पोरगा म्हणाला मला कुणीच काही सांगितलं नाही, तर खोटं लिहून देणारे तुम्ही. ती सही तुम्हाला वाचवत नाही हो, उलट तुम्हालाच पुढे उभं करते. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, टेप किती दिवस होती हेसुद्धा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

एक विचारतो. कधी घड्याळ लावून बघितलंय का की दोन्ही बटनं खरंच दाबून तुमचं टार्गेट निघतं का?

कामगार_वकील · १३ ऑगस्ट

पैशांबद्दल सांगते. मुलगा ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत असेल (२०२४ च्या मर्यादेप्रमाणे पगार २१ हजारांपर्यंत असेल तर असायलाच हवा, ठेकेदाराचा असला तरी वर्गणीची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची) तर कामावर झालेल्या इजेचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो, आधीची वर्गणी किती भरली ते बघत नाहीत. आणि आत्ता २०२४ मध्ये लागू असलेल्या ईएसआय कायद्याचं कलम ५१ब वाचा: कामगाराने नियम मोडला असला, मालकाचा हुकूम मोडला असला तरी तो जे करत होता ते मालकाच्याच कामासाठी असेल तर अपघात कामावरचाच धरायचा. त्याने टेप घरच्या कामासाठी लावली नव्हती. म्हणजे तिथे "निष्काळजीपणा" लिहून त्याचा हक्क जात नाही.

अडचण येते ती ईएसआय नसेल तेव्हा. मग आत्ता २०२४ मध्ये १९२३ चा भरपाई कायदा लागतो, आणि त्यात मालकाला एक पळवाट आहे, कामगाराने माहीत असून मुद्दाम गार्ड काढला किंवा हुकूम मोडला असेल तर भरपाई नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही पळवाट चालत नाही, पण बोटाच्या पेराला चालते. तुमच्या एचआरने टाइप केलेलं वाक्य बरोबर या पळवाटेच्या मापाचं आहे. म्हणून आजच बघा त्याचा ईएसआय नंबर आहे का आणि तो कधी काढलाय. अपघातानंतर घाईघाईने नोंदणी केलेली प्रकरणं माझ्याकडे ढिगाने येतात.

वाळूज_ऑपरेटर · १३ ऑगस्ट रात्री

मी प्रेसवर नऊ वर्षं आहे. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट २०१७ ला गेलं. मी पण टेप लावायचो. सगळे विचारतात कळत नव्हतं का, कळत होतं. पहिल्या दिवशी भीती वाटते, दहाव्या दिवशी कमी वाटते आणि महिन्याने हात आपोआप आत जातो आणि बाहेर येतो, त्यात विचार नसतोच, तोंडाने शेजाऱ्याशी बोलणं चालू असतं. ज्या दिवशी नग कमी पडतात त्या दिवशी ठेकेदार उद्या येऊ नको म्हणतो, ते आजचं असतं, बोट जायचं ते कधीतरीचं असतं. आणि टेप मला शिकवली ती माझ्या आधीच्या ऑपरेटरने, मशीन कसं चालवायचं ते दाखवताना त्यातच. ते चुकीचं आहे असं कोणी सांगितलंच नाही कारण साहेब लोक रोज समोरून जायचे. साहेब बघतो आणि बोलत नाही म्हणजे परवानगी आहे असंच आम्ही धरतो.

तुम्ही लिहिलंत की बघितलं आणि बोललो नाही. माझ्या सुपरवायझरने हे कधी कबूल केलं नाही.

सेफ्टी_ऑफिसर_नाशिक · १४ ऑगस्ट

दोन गोष्टी. पहिली टेक्निकल आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नीट बसवलेल्या टू हँडला टेप चालतच नाही. अँटी टाय-डाऊन रिले असतो, दोन्ही बटनं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली पाहिजेत आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली पाहिजेत, तरच पुढचा स्ट्रोक. एक बटन बांधून ठेवलं तर प्रेस गप्प उभा राहतो. तुमच्याकडे टेप चालली म्हणजे दोन बटनं नुसती सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक एकाच वायरीत जोडलीत. भोसरीचे दादा, तुमच्याकडे काडी चालते त्याचंही कारण हेच असणार, पोरांना घरी पाठवण्याआधी पॅनल उघडून बघा.

दुसरी, ट्रेनिंगमध्ये आपण सगळे ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात अशी स्लाइड दाखवतो, मीही दाखवायचो. तो आकडा १९३१ मध्ये अमेरिकेत हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाने काढला, आणि काढला कशावरून तर विम्याचे दावे आणि कारखान्यांचे अपघात रिपोर्ट. कारखान्याचे रिपोर्ट भरायचे कोण, तिथलेच सुपरवायझर आणि मालक. तुमच्यापुढे आत्ता जो कागद ठेवलाय ना, तशाच कागदांची ती बेरीज. हे कळलं त्या दिवसापासून मी ती स्लाइड काढून टाकली.

चाकण_बी_शिफ्ट · १८ ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, घड्याळ लावलं. शिफ्टमध्ये हातात खरे सात तास येतात, टार्गेट ४२००, म्हणजे नगाला सहा सेकंद. आमच्या सगळ्यात हुशार ऑपरेटरला दोन्ही हातांनी दाबायला लावलं, साडेसात सेकंद लागले. म्हणजे ३३६० नग. ८४० नग टेपशिवाय निघूच शकत नाहीत आणि हे टार्गेट शीट दर सोमवारी मीच बोर्डावर लावतो.

पॅनलही उघडून घेतलं. नुसती सिरीज, रिले नाही.

त्यांच्या रिपोर्टवर सही केली नाही. वेगळ्या कागदावर हाताने लिहिलं, टेप किमान महिनाभर होती, मी पाहिली होती, तोंडी किंवा लेखी सूचना दिली नव्हती, रिले नाही, टार्गेट इतकं. मॅनेजर साहेब बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले हे तू स्वतःच्याच पायावर मारून घेतोयस. असेल. ईएसआय नंबर मात्र होता, जूनमध्येच काढलेला, तेवढं बरं झालं.

वाळूज_ऑपरेटर · १८ ऑगस्ट

दादा 🙏 पोराला भेटून या एकदा. हॉस्पिटलमध्ये कंपनीचं कोणी येत नाही तेच जास्त लागतं.

चाकण_बी_शिफ्ट · १ डिसेंबर २०२४

अपडेट द्यायचं राहिलं होतं. मेडिकल बोर्ड झालं, तर्जनीच्या एका पेराचे ९ टक्के आणि मधल्या बोटाचे ७, मिळून १६ टक्के धरलेत, त्या हिशोबाने पेन्शन चालू होईल. रक्कम छोटी आहे पण जन्मभराची आहे. माझी नोकरी आहे, शिफ्ट बदलली. त्या प्रेसवर आणि शेजारच्या तीनवर रिले बसला, बाकी पाच राहिलेत, त्यांचं मी रोज लॉगबुकात लिहितो, तारीख वेळ घालून. टार्गेट ३६०० वर आणलंय, तेही जास्तच आहे, नवीन टायमिंग काढून दिलंय.

हॉस्पिटलात गेलो होतो. टेपबद्दल माफी मागितली तर तो म्हणाला, साहेब ती मी नव्हती लावली, मी आलो तेव्हापासून तशीच होती, मला वाटलं ते बटन बंदच असतं.