मदत हवी आहे: प्रेसटूलच्या कामासाठी अनुभवी बेंच फिटर कसा शोधावा आणि त्याचे काम कसे पारखावे?

नमस्कार.

भोसरी एमआयडीसीमध्ये आमचा पत्र्याचे सुटे भाग बनवणारा लहान कारखाना आहे. सर्व मिळून आम्ही १८ जण आहोत आणि प्रेसशॉपला लागूनच आमची स्वतःची छोटी टूलरूम (प्रेसवर पत्रा कापणारे व वाकवणारे साचे, म्हणजे प्रेसटूल, बनवण्याची व दुरुस्त करण्याची जागा) आहे. तेथील बेंचचे (म्हणजे टूलचे भाग हाताने घासून जुळवण्याचे) काम ज्या ज्येष्ठ फिटरांनी इतकी वर्षे सांभाळले, ते येत्या दिवाळीनंतर निवृत्त होऊन साताऱ्याकडील आपल्या गावी परतणार आहेत. त्यांच्या जागी योग्य माणूस मिळावा म्हणून आमची खटपट चालू आहे, आणि या क्षेत्रात काम केलेल्या सदस्यांचा सल्ला मिळावा यासाठी हा धागा काढत आहे.

आम्हाला नेमका कोणता माणूस हवा आहे, ते आधी सविस्तर सांगतो, कारण ‘फिटर पाहिजे’ एवढ्या मजकुरावर मेंटेनन्स फिटर, पाइप फिटर आणि असेंब्ली लाइनवर नट आवळणारी मुले असे सर्वच अर्ज करतात. आमच्याकडे ब्लँकिंग (पत्र्यातून तुकडा कापणे), पिअर्सिंग (भोके पाडणे) आणि बेंडिंगची (वाकवण्याची) टूल आहेत, शिवाय टप्प्याटप्प्याने अनेक कामे करणारी काही प्रोग्रेसिव्ह टूल आहेत. पत्रा बहुतेक १ ते २ मिलिमीटर जाडीचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड मऊ पोलादी) असतो. पंच (वरून कापणारा भाग) आणि डाय (त्याखालचा साचा) एचसीएचसीआर (जास्त कार्बन व क्रोमियम असलेल्या) पोलादाचे असतात, ते बाहेरून हार्डनिंग करून आणतो आणि डायचा आकार वायरकटवर (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर) काढून घेतो. वायरकट आल्यापासून हातकामाची गरज संपली असे अनेक जण मानतात, परंतु आमचा अनुभव तसा नाही. वायरकटवरून आलेले दोन्ही भाग मापाला बरोबर असले तरी ते डायसेटमध्ये (दोन्ही भाग धरणाऱ्या चौकटीत) बसवणे, पंच सर्व बाजूंनी सारख्या अंतरावर राहील अशा बेताने डॉवेल (जागा पक्की करणारी पिन) मारणे, स्ट्रिपर (पंचावर अडकलेला पत्रा सोडवणारी पट्टी) अडकणार नाही हे पाहणे, आणि बेंड ९० अंशांचा न येता दीड-दोन अंश उघडा राहत असेल तर पंचाच्या नाकाला किंवा डायच्या खांद्याला कोठे व किती घासायचे हे ठरवणे, हे सर्व शेवटी बेंचवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आणि नजरेतच असते.

आमचे ज्येष्ठ फिटर नवे टूल प्रेसवर चढवण्याआधी पंच आणि डाय हाताने एकत्र आणून त्यांच्यामधून साधा पातळ कागद कापून पाहतात. कागद एका बाजूला स्वच्छ कापला गेला आणि दुसऱ्या बाजूला नुसता दुमडून फाटला, तर अंतर कोणत्या बाजूला जास्त आहे हे त्यांना लगेच समजते. मऊ पोलादी पत्र्यासाठी हे अंतर दर बाजूला जाडीच्या साधारण ५ ते ८ टक्के धरतात, म्हणजे दीड मिलिमीटर पत्र्यासाठी ते जेमतेम ०.०७५ ते ०.१२ मिलिमीटर भरते. एवढ्याशा जागेत पंच किंचित एका अंगाला सरकलेला असला तरी मालाला एका बाजूने बर (कडेवर उठलेली धारदार कोर) येते, त्या बाजूची धार लवकर मरते आणि ग्राहकाकडून माल परत येतो. असे टूल कोणतीही मोडतोड न करता दुरुस्त करू शकणारा माणूस आम्हाला हवा आहे.

आता अडचण सांगतो. अर्ज येतात, परंतु नुसत्या मुलाखतीतून काहीच कळत नाही. टूलरूममध्ये दहा-बारा वर्षे काढलेले काही उमेदवार प्रत्यक्षात सर्व काळ केवळ सरफेस ग्राइंडरवर होते असे बोलता बोलता लक्षात येते. याउलट ज्यांना चार वाक्ये धड बोलता येत नाहीत त्यांच्यापैकी एखादा उत्तम कारागीर असेल आणि आपण त्याला तसाच परत पाठवत असू, ही शंका मला सतत वाटते. म्हणून मुलाखतीऐवजी बेंचवरच परीक्षा घ्यावी असा विचार आहे. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असल्याने सध्या दुसरीकडे नोकरीत असलेल्या उमेदवारांनाही त्या दिवशी येणे जमेल, आणि दिवसभराच्या परीक्षेची मजुरी त्यांना द्यायचीच असे आम्ही ठरवले आहे. परंतु परीक्षेत नेमके काय द्यावे? आयटीआयमध्ये करून घेतात तसे मेल-फीमेल फिटिंग (एकात एक अचूक बसणारे दोन तुकडे घासून बनवणे) द्यावे, की आमचे एखादे बिघडलेले टूल समोर ठेवून दोष शोधायला सांगावा? परीक्षा घेताना काय पाहावे हेही कृपया सांगावे, कारण मी स्वतः हिशेब आणि विक्रीची बाजू सांभाळतो आणि कानस हातात धरलेला माणूस बरोबर उभा आहे की नाही, हे मला ओळखता येत नाही.

दुसरा प्रश्न पगाराचा. आम्ही दरमहा ३२,००० ते ३८,००० रुपये देऊ शकतो. तथापि ज्याच्या हातात खरोखर कला आहे असा तरुण आज व्हीएमसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्राच्या) प्रोग्रॅमिंगकडे वळतो, कारण तेथे पगार लवकर वाढतो आणि कपडेही स्वच्छ राहतात. हे त्याच्या दृष्टीने योग्यच आहे, त्याला दोष देता येणार नाही. बेंचच्या माणसाला अशी कोणती पुढची वाट दाखवता येईल, की तो पाच-सात वर्षे आपल्याकडे टिकेल? याशिवाय अनेक उमेदवार रुजू होतानाच मोठी उचल मागतात. ती द्यावी का, आणि दिली तर कोणत्या अटींवर?

तिसरा प्रश्न थोडा नाजूक आहे. शेजारच्या शेडमध्ये एक अतिशय चांगला फिटर आहे आणि तो आमच्याकडे यायला तयार असल्याचे कानावर आले आहे. त्या शेडच्या मालकांशी आमचे वर्षानुवर्षांचे संबंध आहेत, अडीअडचणीला आम्ही एकमेकांकडून प्रेस आणि टूलसुद्धा घेतो. अशा स्थितीत त्याला बोलावणे मनाला पटत नाही. याबाबत इतर उद्योजक काय करतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

जुना टूलमेकर:

आपण परीक्षा बेंचवर घेण्याचे ठरवले हे फार चांगले केले. माझा सल्ला असा की दोन्ही परीक्षा घ्याव्यात, परंतु दोष शोधण्याची परीक्षा आधी घ्यावी. ज्याला दोष ओळखता येत नाही त्याच्याकडून दिवसभर कानस मारून घेण्यात कोणाचाच फायदा नाही.

त्यासाठी टूल उघडूनही ठेवू नका. त्या टूलमधून निघालेली पट्टी आणि खाली पडलेले तुकडे एवढेच उमेदवाराच्या हातात द्या आणि टूलला काय झाले आहे ते विचारा. जाणकार माणूस तुकडा उजेडात धरून त्याच्या कडेवरचा चकचकीत पट्टा चारही बाजूंनी फिरवून पाहील. हा पट्टा जेथे रुंद आहे तेथे पंच आणि डायमधील अंतर कमी आहे, आणि जेथे तो अरुंद असून कड जास्त दबलेली आहे तेथे अंतर जास्त आहे. सर्व बाजूंनी सारखीच बर असेल तर धार गेली आहे किंवा अंतरच मुळात जास्त ठेवले आहे, आणि एकाच बाजूला असेल तर पंच सरकला आहे. एवढे ज्याने कोणी न विचारता सांगितले, त्याच्यापाशी बाकीचे बहुतेक असतेच. ‘पंच काढा आणि ग्राइंड करा’ असे पहिल्याच वाक्यात सांगणाऱ्याबद्दल मात्र सावध राहावे, कारण सरकलेला पंच धार लावून जागेवर येत नाही.

फिटिंगसाठी एमएसची (मऊ पोलादाची) दोन तुकड्यांची चौकोनी जोडणी द्या आणि वेळेचे बंधन सैल ठेवा. काम चालू असताना पुढील गोष्टी आपल्यालाही दिसतील. तो आधी एक कड सरळ करून तिच्यावरून बाकीची मापे घेतो, की चारही कडा एकदमच घासायला लागतो? कानशीच्या दातांत अडकलेला कीस मधूनमधून ब्रशने काढतो का? ट्रायस्क्वेअर (गुण्या) लावताना तुकडा उजेडाकडे धरून फट पाहतो का, आणि लावण्याआधी कडेची बर काढतो का? व्हर्निअर आणि कानस एकमेकांवर ठेवतो का? शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, परंतु मापाचे उपकरण जपण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हाती ०.०२ मिलिमीटरचे काम सोपवताना मी तरी दोनदा विचार करीन. जोडणी झाल्यावर एक भाग उलटा करून पुन्हा बसवायला सांगा. दोन्ही प्रकारे सारखीच बसली तर हात खरोखर तयार आहे.

निकाल मात्र आपण एकट्याने देऊ नका. आपले ज्येष्ठ फिटर अजून कामावर आहेत, तोवरच या परीक्षा उरकून घ्या आणि त्यांना शेजारी बसवा.

---

सातपूरकर:

मी नाशिकला लहान प्रेसशॉप चालवतो. पगाराइतकाच पीएफचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मोठ्या कंपनीतून येणाऱ्या माणसाचे पीएफ खाते चालू असते आणि ते खंडित होऊ नये अशी त्याच्या घरच्यांचीही अपेक्षा असते. आपल्याकडे २० पेक्षा कमी माणसे असल्याने पीएफ सक्तीचा नाही, परंतु मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तर स्वेच्छेने नोंदणी करता येते. आम्ही ती केली आणि त्यानंतर येणाऱ्या अर्जांचा दर्जा स्पष्टपणे सुधारला.

ईएसआयबाबतही (कर्मचारी राज्य विम्याबाबतही) एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे, त्यामुळे आपण सांगितलेल्या पगारावरचा फिटर त्या संरक्षणाबाहेर राहतो, आणि हाच माणूस ट्रायलच्या (टूल प्रेसवर चालवून पाहण्याच्या) वेळी प्रेसच्या सर्वांत जवळ असतो. त्याच्यासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी स्वतंत्र आरोग्य विमा आणि अपघात विमा काढून द्या आणि तसे नेमणूकपत्रात लिहा.

उचल देण्यास हरकत नाही, परंतु ती रुजू होण्याच्या दिवशी देऊ नये. तीन महिने काम पाहून, बिनव्याजी कर्ज म्हणून, लेखी कराराने आणि दरमहा ठरावीक कपातीवर द्यावी. काही जण उचलीच्या बदल्यात मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात. तसे कधीही करू नये, अडकून पडल्याच्या भावनेने केलेले काम टूलवर दिसते.

शेजारच्या फिटरबाबत आपले मन जे सांगते तेच करावे. तो स्वतः राजीनामा देऊन, नोटिशीची मुदत पूर्ण करून आला, तर त्याच्या मालकांशी आधी समोरासमोर बोलून मगच त्याला घ्यावे. एमआयडीसीत एका माणसापायी तुटलेले संबंध पुन्हा जुळायला फार वर्षे लागतात.

---

प्रशिक्षण विभाग:

तयार माणूस शोधत असतानाच एक शिकाऊ उमेदवारही घ्या. आयटीआयमध्ये फिटरखेरीज ‘टूल अँड डाय मेकर’ हा स्वतंत्र ट्रेड आहे आणि त्यात प्रेसटूल, जिग आणि फिक्श्चर यांची वेगळी शाखा आहे, त्यामुळे जाहिरातीत ट्रेडचे हे नाव स्पष्ट लिहावे. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूलरूम आणि हैदराबादचे १९६८ पासून चालू असलेले केंद्रीय टूल डिझाइन संस्थान येथील विद्यार्थी डिझाइनकडे झुकतात हे खरे, तरीही त्यांच्या प्लेसमेंट विभागाला पत्र पाठवायला हरकत नाही.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ नुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आपल्यासारख्या ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विहित विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. मात्र त्या मुलाला झाडलोट आणि प्रेसवर माल लावण्याच्या कामाला जुंपू नये. तो बेंचवरच राहील, ही जबाबदारी आपली आहे.

---

मूळ प्रश्नकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. तुकड्याच्या कडेवरील पट्टा पाहण्याची गोष्ट आज आमच्या ज्येष्ठ फिटरांना सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच कपाटातून जुन्या टूलचे तुकडे काढून परीक्षेसाठी वेगळे ठेवले. पीएफच्या नोंदणीबाबत आमच्या कामगारांशी या आठवड्यातच बोलणार आहे. शेजारच्या मालकांना भेटून त्यांच्या फिटरबद्दल कानावर आलेली गोष्टही मोकळेपणाने सांगणार आहे.

एक गोष्ट अजून विचारायची राहिली. आमच्या प्रत्येक टूलच्या खोडी, म्हणजे कोणत्या टूलला कोठे शिम (उंची जुळवण्याची पातळ पट्टी) घातली आहे, कोणता पंच किती ठोक्यांनंतर धार मागतो, कोणत्या डायमध्ये पूर्वी वेल्डिंग केले आहे, ही सर्व माहिती सध्या एकाच माणसाच्या लक्षात आहे. नवा माणूस येईपर्यंत ती प्रत्येक टूलच्या स्वतंत्र कार्डावर मराठीत लिहून ठेवायची आहे. कोणाच्या टूलरूममध्ये अशी कार्डे वापरात असतील, तर त्यांत कोणते रकाने ठेवले आहेत आणि ती फिटर स्वतः भरतो की पर्यवेक्षक, एवढे कृपया कळवावे.