फ्लेक्स काढा

५०४: सेक्रेटरी काका, गेटवरचा तो माझ्या हाफ मॅरेथॉनचा 'सोसायटीची शान' फ्लेक्स आजच काढा, प्लीज. कालपासून चार जणांनी विचारलं, कितवा आलास? वॉचमन धरून.

सेक्रेटरी: अरे, असू दे की आठवडाभर. कौतुकाने लावलाय.

१०३: फ्लेक्सचे ६५० रुपये खर्चाच्या कुठल्या हेडखाली?

२०२ काकू: पण मेडल मिळालं ना रे? दाखवलंस की जिन्यात.

५०४: काकू, रेस पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना मिळतं ते. दोन तासांत यायचं होतं. २:३८ लागले.

३०१: मेगाब्लॉकमध्ये मी दादरहून सीएसटीला चालत याच्याआधी पोचतो 😂

६०१ ताई: ते नऊ किलोमीटर. हे एकवीस. स्वतः लिफ्ट बंद असली की पार्सल खाली घ्यायला मुलाला पाठवता.

३०१: गंमत केली हो.

१०३: ६५० कुठल्या हेडखाली? दुसऱ्यांदा विचारतोय.

४०२: आणि तुमची स्कूटर आमच्या स्लॉटमध्ये कुठल्या हेडखाली?

१०३: विषयांतर नको. एजीएमला बोलू.

४०२: येता कधी एजीएमला?

सेक्रेटरी: 🙏 ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. मंगळवारी टाकी सफाई, ११ ते ४ पाणी बंद.

६०१ ताई: ५०४, स्ट्राव्हा ॲपवर तुझी रेस बघितली. दोन तासांना किलोमीटरला ५:४१ मिनिटांचा पेस पुरतो, आणि तू सी लिंकवर ५:०५ने सुटलायस! गार वारा, पाय हलके, कळलंच नसेल. मग पेडर रोडने उधारी वसूल केली.

५०४: व्याजासकट. चढावर पोटरीत गोळा आला. चालत होतो, तर एका आजींनी हातावर संत्र्याची फोड ठेवली. बिया काढलेली. म्हणाल्या, "आलंच की रे सीएसटी." कुठलं यायला! मला तिथेच रडू फुटलं. घड्याळ काढून खिशात टाकलं.

२०२ काकू: अगं बाई. मेथीचे लाडू पाठवते.

७०१ आजोबा: बाळ, १९८४, लॉस एंजेलिस. ४०० मीटर हर्डल्स. पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. पुढच्याच वर्षी जकार्ताला पाच सुवर्णपदकं.

३०१: आजोबा, तिच्या गेटवर फ्लेक्स नसेल 😄

५०४: तेच तर म्हणतोय मी!

१०३: ६५०?

६०१ ताई: हे बघ, सुरुवातीचा पेस तुझ्या हातात होता, दमट हवा तुझ्या हातात नव्हती. दोन्हीचं खापर एकाच डोक्यावर फोडू नकोस. आठ-दहा दिवस घड्याळाशिवाय पळ. आणि चिडून लगेच दुसरी रेस बुक करू नकोस. मी केली होती गेल्या वर्षी, दोन महिने गुडघ्याला बर्फ लावून बसले.

५०४: काल रात्रीच फॉर्म अर्धा भरला होता 🙈

६०१ ताई: बंद कर तो टॅब.

२०२ काकू: शिवाजी पार्कला मी येऊ का रे तुझ्याबरोबर? चालायला. डॉक्टर कधीचे मागे लागलेत.

५०४: या ना काकू. पण गुरुवारपासून. सध्या जिना उलटा उतरतोय, कठडा धरून. त्यात लिफ्ट बंद.

सेक्रेटरी: लिफ्टवाला उद्या येतोय. फ्लेक्स उतरवला. कोरी बाजू वर करून पंपावर बांधतोय, ताडपत्री फाटलीच होती.

१०३: बांधा. हेड कुठलं ते आलं नाही अजून.