मदत हवी आहे: मागावर अखंड टोपली विणतेय, एका काठाला धागे जोडीने येतायत

सुतावळ: डबल वीव्हमध्ये (एकावर एक दोन थर एकदम विणायची पद्धत) नळी विणून तिची कापडी टोपली करतेय, शिवण नकोच आहे. डावीकडे घडीवर (दोन थर काठाशी जुळतात तिथे) दोन धागे चिकटून एकत्र चालतायत आणि वरपासून खालपर्यंत रेघ दिसतेय. शिवाय दोन्ही काठ आवळलेत. टोपली लवकर द्यायचीय, कृपया पटकन सांगा.

काठपदर: शाफ्ट (धागे वर उचलणाऱ्या चौकटी) किती? ताण्यात, म्हणजे उभे, एकूण धागे किती? धोटा (आडवा धागा नेणारा) एक की दोन? काहीच लिहिलं नाहीये, सांगणार कसं?

लोकरवेडी: मी तर टोपल्या क्रोशानेच करते, जाड दोरी आत घालून. दोन संध्याकाळीत होते, माग लागतच नाही.

सुतावळ: क्रोशा नकोय हो. चार शाफ्ट, भरणी (धागे शाफ्टमध्ये ओवायचा क्रम) सरळ १-२-३-४, धोटा एकच. उचल (दर ओळीला वर घ्यायचे शाफ्ट) १, मग १-२-३, मग ३, मग १-३-४. सुती धागा.

काठपदर: आणि धागे? सम की विषम?

सुतावळ: २४०

काठपदर: मग तेच. एका धोट्याने नळी विणताना बाणा (आडवा धागा) गोल फिरत राहतो, त्यामुळे एकूण धागे विषम लागतात. सम असले की एका घडीवर शेजारचे दोन धागे एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात. रेघ दिसते त्या घडीवरचा एक धागा काढून मागे लोंबता सोडा, २३९ राहतील. पुढचं नीट येईल, विणलेलं मात्र उसवावं लागेल.

जुनामाग: उसवायचं कशाला, रेघ आतल्या बाजूला घ्या, कोण बघतंय? खरा प्रश्न टोपली उभी राहील का हा आहे. सुती आहे ना, चिकटवायचं अस्तर लावा.

काठपदर: अस्तरच चिकटवायचं तर एवढा डबल वीव्ह कशाला विणायचा? जाड बाणा घ्या, घट्ट ठोका, कडेला दोर घाला.

फुलवात: मी म्हणेन वॅफल वीव्ह करा, धुतल्यावर आक्रसतं, खोलगट चौकटी येतात, भिंत छान जाड होते.

जुनामाग: ते टॉवेलाचं कापड आहे, मऊ पडतं, टोपली बसेल खाली.

सुतावळ: अहो पण काठ आवळतायत त्याचं काय??

काठपदर: दोन्ही बाजूंना ताण्याबाहेर एकेक जाड नायलॉनची दोरी घ्या, मासेमारीची चालते. फणीतून (बाणा ठोकायची) ओवा पण हीडलमधून (शाफ्टवरच्या, धागा ओवायच्या भोकाच्या तारा) नको, मागे वजन टांगा. वरच्या थराला धोटा तिच्यावरून, खालच्याला खालून. बाणा तिला वळसा घालतो म्हणून धागे आत ओढले जात नाहीत, शेवटी ती ओढून काढायची. तळ कसा बंद केलाय?

सुतावळ: तळ अजून केलाच नाहीये, नंतर शिवणार होते

काठपदर: शिवण नको म्हणालात ना! नाहीतरी उसवायचंच आहे, तर सुरुवातीला १-२ आणि ३-४ असं आलटून पालटून थोडं विणा, दोन्ही थर एक होतात. मग नळी सुरू करा. मागावरून काढल्यावर कोपरे त्रिकोणी दुमडून टाके घातले की चौकोनी बूड मिळतं, तेवढे टाके मात्र लागतातच.

लोकरवेडी: कोणाला क्रोशाचा नमुना हवा असेल तर सांगा, इथेच टाकते.