पहिल्या फोटो स्पर्धेसाठी क्रॉप कोणता ठेवू?

जेजुरीला सोमवती अमावस्येला काढलेला फोटो पहिल्यांदाच स्पर्धेला पाठवतोय. विषय 'रंग'. पायऱ्यांवर भंडारा उधळणारे एक आजोबा, मागे दीपमाळ. ५० मिमी लेन्स, एफ/८, १/१०००, आयएसओ ४००. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) आहे.

अडचण पिवळ्याची. हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) फक्त लाल चॅनल उजवीकडे चिकटलाय, म्हणजे लाल कमाल मर्यादेला जाऊन अडकलाय, त्यामुळे भंडाऱ्याचा पोत जाऊन नुसता सपाट पट्टा दिसतो. हायलाइट्स खाली आणले, पिवळ्याचं सॅच्युरेशनही (रंगाचा गडदपणा) कमी केलं, तर भंडारा चक्क रस्त्यावरच्या धुळीसारखा दिसायला लागला. कृष्णधवलचा प्रश्नच नाही, विषयच रंग!

नियमाप्रमाणे क्रॉप, उजेड आणि रंग एवढंच बदलता येतं. काही पुसायचं किंवा जोडायचं नाही. डाव्या कोपऱ्यात कुणाची तरी निळी प्लॅस्टिकची पिशवी आहे, नजर आधी तिकडेच जाते. आडवा क्रॉप घेतला तर पिशवी जाते, आजोबांचे पिवळेधमक तळवे आणि मिटलेले डोळे उठून दिसतात, पण दीपमाळ तुटते. उभ्यात दीपमाळ राहते आणि पिशवीही. घरच्यांना दोन्ही 'छान' वाटतात, म्हणजे उपयोग शून्य.

एकच फोटो पाठवता येतो, फाइल एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत) जेपेग हवी. परीक्षकाच्या नजरेनं कोणता क्रॉप ठेवाल? आणि पिवळा न मारता पोत परत आणायला रॉमध्ये नेमकं काय करू?