√(क्ष + ५) > क्ष − १ : वर्ग केल्यावर अर्धं उत्तर गळतंय

प्रश्न
दोन्ही बाजूंचा वर्ग केला: क्ष + ५ > क्ष² − २क्ष + १, म्हणजे क्ष² − ३क्ष − ४ < ०. अवयव पाडले, (क्ष − ४)(क्ष + १) < ०, म्हणून −१ < क्ष < ४. प्रांत (ज्या किमतींना मूळ निघतं त्या) क्ष ≥ −५, त्यातही हे बसतं. पण पुस्तकात [−५, ४) दिलंय, म्हणजे −५ धरून आणि ४ सोडून. −५ ते −१ हा तुकडा कुठून आला?

उत्तर १
पुस्तक बरोबर आहे. क्ष = −३ घालून बघा: डावीकडे √२, उजवीकडे −४. असमानता खरी आहे, पण तुमच्या उत्तरात −३ नाही.

गडबड वर्ग करताना झाली. दोन्हीपैकी एकही बाजू ऋण नसेल तरच वर्ग केल्यावर असमानतेचं चिन्ह खात्रीने टिकतं. २ > −५ खरं, पण ४ > २५ खोटं. म्हणून आधी उजवी बाजू बघायची.

क्ष < १ असताना ती ऋण असते आणि वर्गमूळ कधीच ऋण नसतं. असमानता आपोआप खरी, फक्त मूळ निघायला हवं: −५ ≤ क्ष < १. इथे वर्ग करायचाच नाही.

क्ष ≥ १ असताना बिनधास्त वर्ग करा. तुमच्याच उत्तरातला १ ≤ क्ष < ४ एवढा भाग घ्या.

दोन्ही जोडले की [−५, ४). −५ ला ० > −६ खरं, म्हणून चौकटी कंस. ४ ला ३ > ३ खोटं, म्हणून साधा.

उत्तर २
चिन्ह उलटं असेल तर फसगतही उलटी होते. √(क्ष + ५) < क्ष − १ चा वर्ग केल्यावर क्ष < −१ किंवा क्ष > ४ येतं. क्ष = −४ घाला: १ < −५, साफ खोटं. क्ष − १ > ० ही अट लावली की क्ष > ४ एवढंच उरतं. प्रांत फक्त मुळाखालच्या राशीची हमी देतो, उजव्या बाजूची नाही. बरेच जण इथेच अडकतात.

उत्तर ३
प्रांत काढतानाही जपा. √((क्ष − २)/(क्ष + १)) ला क्ष = −२ चालतं, किंमत √४ = २. तेच √(क्ष − २)/√(क्ष + १) असं फोडलं की −२ बाद. पहिल्याचा प्रांत क्ष < −१ किंवा क्ष ≥ २, दुसऱ्याचा फक्त क्ष ≥ २.

आणि (क्ष − ३)√(क्ष + १) ≥ ० मध्ये मुळाने भागून टाकलं तर क्ष ≥ ३ मिळतं, पण क्ष = −१ हे उत्तर निसटतं. घनमूळ असेल तर कुठलीही बाजू ऋण आहे का हे बघायला नको, घन केल्याने असमानतेचं चिन्ह बदलत नाही.

प्रश्नकर्ता
मग √(२क्ष + ३) ≥ क्ष चं उत्तर [−३/२, ३]? नुसता वर्ग केला असता तर −१ पासूनच सुरू झालं असतं.

उत्तर १
बरोबर. ३ ला ३ ≥ ३ खरं, म्हणून दोन्हीकडे चौकटी कंस.