मीट स्लायसर धुतला तरी कुबट वास येतोय, नेमका साफ कसा करायचा?

चिमणपाखरू:
नमस्कार मंडळी, घरी इलेक्ट्रिक मीट स्लायसर घेऊन आठ-नऊ महिने झाले. १९ सेंटीमीटरचं गोल दातेरी पातं आहे, महिन्यातून तीन-चारदा वापर होतो, कधी कच्चं मांस तर कधी शिजवून गार केलेलं. दरवेळी ट्रे आणि मांस ढकलायचा तो पुशर काढून साबणाने स्वच्छ धुते, पातं मात्र जागेवर असतानाच ओल्या फडक्याने पुसते कारण ते काढायची मला खरंच भीती वाटते. आता महिनाभरापासून मशीन चालू केलं की कुबट वास येतो, बाहेरून बघावं तर सगळं चकचकीत. ट्रे पण अडकत होता म्हणून तो ज्या दांड्यावर सरकतो त्याला स्वयंपाकाचं तेल लावलं, दोन दिवस छान सरकला आणि आता आधीपेक्षा जास्त चिकटतोय. त्यात परवा पुसताना फडकं दात्यांत अडकलं आणि बोटाला चांगलंच कापलं, तेव्हापासून मशीनला हात लावलेला नाही. पातं दरवेळी काढायलाच हवं का? डिशवॉशर चालेल का? धार लावता येते का? प्लीज नीट सांगा कोणीतरी, मशीन टाकून द्यायचं नाहीये.

रात्रपाळी:
ताई आधी बोट बघा, जखम भरेपर्यंत कच्च्या मांसाला हात लावू नका.

मी सहा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये स्लायसरवर होतो, त्या अनुभवावरून सांगतो, पातं काढल्याशिवाय स्लायसर साफ झाला असं म्हणताच येत नाही. तुमचा वास पात्याच्या मागून येतोय. मांस कापताना रस आणि चरबीचा बारीक चुरा पात्याच्या फिरण्याबरोबर मागे ओढला जातो, तिथे गिअरचं ग्रीस असतं, दोन्ही मिसळून राखाडी मलमासारखा थर बसतो आणि फडकं तिथपर्यंत पोचतच नाही. पातं एकदा काढून बघा, माझं म्हणणं लगेच पटेल.

आता भीतीचं. स्लायसरवर कापून घेतलेले जेवढे लोक मी पाहिले ते बहुतेक सगळे मशीन बंद असताना, साफ करताना कापून घेतलेले. म्हणून आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून वायर स्वतःच्या डोळ्यासमोर ठेवायची. मग जाडीचा नॉब शून्यावर आणायचा म्हणजे समोरची पट्टी पुढे येऊन धार झाकते. हातात कापण्यापासून वाचवणारे विणलेले ग्लोव्ह्ज आणि त्यावर पातळ रबरी ग्लोव्ह्ज, कारण विणलेला ग्लोव्ह भिजला की निसरडा होतो. हे ग्लोव्ह्ज थांबलेल्या पात्यासाठी असतात, फिरत्या पात्यासमोर त्यांचा भरवसा धरू नका. पात्याच्या मधला लॉक काही मशीनमध्ये नेहमीच्या उलट दिशेने सुटतो, त्यामुळे पुस्तिका बघा, जोर लावत बसू नका, जोर लावला की हात सटकतो आणि थेट धारेवर जातो.

पुसायचं कसं तर मधून बाहेर, धारेच्या दिशेने, आणि धार यायच्या आत हात उचलायचा. धारेच्या कडेकडेने गोल गोल कधीच पुसायचं नाही, तुमचं फडकं अडकलं ते तसंच. दातेरी पात्याला फडक्यापेक्षा लांब दांड्याचा मऊ ब्रश बरा. आणि पातं साबणाच्या फेसात बुडवून सिंकमध्ये ठेवून देऊ नका, घरातलं दुसरं कोणीतरी न बघता हात घालतं. आमच्याकडे एका नवीन मुलाचं असंच झालं, चार टाके पडले.

पाण्याबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. पहिलं पाणी गार किंवा कोमट घ्यायचं. कडक गरम पाणी आधीच ओतलं तर मांसातलं प्रथिन गोठतं, अंड्याचा पांढरा भाग गोठतो तसं, आणि दात्यांच्या खाचेत चिकटून बसतं. गार पाण्याने रस निघाला की मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण, चरबी त्यानेच सुटते. मोटरच्या भागावर मात्र पाणी ओतायचं नाही, नळाखाली तर अजिबात नाही, तिथे घट्ट पिळलेलं ओलं फडकं आणि फटींसाठी कापसाच्या काड्या.

बोबडीवळली:
मी तर काम झालं की शेवटी कच्च्या बटाट्याचे दोन-चार काप काढते, सगळं चिकटलेलं त्याच्याबरोबर निघून येतं, नंतर पुसून ठेवते. तीन वर्षांत काही झालं नाही.

रात्रपाळी:
बटाट्याने पात्याचा समोरचा चेहरा पुसला जातो, पाठ तशीच राहते. धुण्याआधी चिकटा काढायला करा हवं तर, पण धुण्याऐवजी नको. तुमच्यासाठीच सांगतोय, पुढे लिस्टेरियाबद्दल कोणी लिहिलं तर बरं होईल.

जीवाणूशाळा:
लिहिते. लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस हा जीवाणू फ्रिजच्या ४ अंश सेल्सिअसला पण वाढतो, म्हणून मांस फ्रिजमध्ये होतं हा दिलासा इथे कामाचा नाही. २००८ मध्ये कॅनडात कापून पॅक केलेल्या तयार मांसातून याची मोठी साथ आली, वीसपेक्षा जास्त माणसं गेली. तपासात संशय गेला तो कारखान्यातल्या मोठ्या स्लायसिंग मशीनच्या आतल्या भागांवर. मशीन रोज धुतली जात होती, पण मांसाचे कण पार आत, नेहमीच्या धुण्यात न उघडणाऱ्या जागी साठले होते. घरचं मशीन छोटं असलं तरी जागा तीच, पात्याच्या मागची. गरोदर बाई, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर हे अजिबात हलक्यात घेऊ नका.

ताई, तुम्ही कच्चं आणि शिजवलेलं दोन्ही त्याच मशीनवर कापता ना, मग क्रम पाळा, आधी शिजवलेलं, मग कच्चं. उलट करायची वेळ आली तर मध्ये पूर्ण उघडून धुवा. कच्चं मांस पुढे नीट शिजतं तेव्हा जंतू मरतात, पण कापून तसंच खायचं असेल तर वाचवायला पुढे काहीच नाही, मशीनवर जे होतं ते थेट पोटात.

धुतल्यावर निर्जंतुक करायला १ लिटर पाण्यात साधारण ४ मिलिलिटर बिनवासाचं घरगुती ब्लीच, म्हणजे एक छोटा चमचाही पूर्ण नाही. जास्त घातलं म्हणजे जास्त स्वच्छ होतं असं नाही. आधी साबणाने चरबी गेलेली हवी, चरबीवर ब्लीच वाया जातं. त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. सगळं लावून झालं की भाग उभे करून वाऱ्यावर वाळू द्या, कालच्या फडक्याने पुसलंत तर केलेलं सगळं पाण्यात. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये दुकानातला सतत चालणारा स्लायसर किमान दर ४ तासांनी साफ करायचा नियम आहे. घरी आपण मशीन तेवढं चालवत नाही, पण काम झाल्या झाल्या धुवायचं, जेवण उरकून मग बघू असं नाही.

पक्कड_पाना:
घरगुती मशीन दुरुस्त करतो, माझे मुद्दे.

तेल: स्वयंपाकाचं तेल हवेत राहिलं की घट्ट होत जातं, शेवटी गोंदासारखं होतं, तुमच्या दांड्याचं तेच झालंय. गरम पाणी आणि साबणाच्या फडक्याने चोळून काढा, राहिलंच तर स्पिरिटने, पूर्ण वाळवा, मग फूड ग्रेड मिनरल ऑइलचे एक-दोन थेंब टाकून ट्रे दहा-बारा वेळा पुढे मागे करा आणि वर आलेलं पुसून टाका. शिलाई मशीनचं किंवा सायकलचं तेल नको, ते खाण्याच्या वस्तूजवळ वापरायचं नसतं.

गिअर: घरगुती मशीनमध्ये बऱ्याचदा प्लॅस्टिकचा गिअर असतो. जुनं ग्रीस मांसाच्या रसाने खराब झालं असेल तर कापसाच्या काडीने सगळं काढा आणि फूड ग्रेड ग्रीस, डब्यावर एच१ लिहिलेलं असतं, वाटाण्याएवढंच लावा. जास्त लावलं तर ते पात्यावर येतं. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक गिअर झिजलेले असतात ते दगडासारखं गोठलेलं मांस कापल्याने. मांस फ्रीझरमध्ये तास-दीड तास ठेवून बाहेरून टणक झालं की कापा, काप पण पातळ येतात. आणि सलग किती मिनिटं चालवायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं, बऱ्याच मशीनना ते ५ ते १० मिनिटंच असतं, मग मोटर गार होऊ द्या.

डिशवॉशर: अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग टाकू नका, त्याची पावडर क्षारयुक्त असते, भाग काळा पडतो आणि हाताला काळं लागत राहतं. पातं पण नको, धार जाते.

धार: दातेरी पात्याला घरी धार लावायच्या भानगडीत पडू नका, बोथट झालं की बदला. सपाट धारेच्या पात्याला मशीनबरोबरच्या दगडाने लावता येते, पण आधी पातं चरबीमुक्त हवं नाहीतर दगडाची छिद्रं बुजतात. आणि लावून झाल्यावर पातं, पट्टी, ट्रे सगळं परत धुवा, धातूची बारीक पूड पडलेली असते.

चिमणपाखरू:
सगळ्यांचे मनापासून आभार. बोट बरं झाल्यावर काल ग्लोव्ह्ज आणून बसले एकदाची. लॉक खरंच उलट दिशेने सुटला. पातं हातात आलं आणि मागे बघते तर काय, गिअरभोवती करंगळीएवढ्या रुंदीचं तपकिरी कडं जमलेलं, नाकाजवळ नेलं आणि तोच तो वास. २३ कापसाच्या काड्या लागल्या, मी मोजल्या, शेवटच्या दोन पांढऱ्या निघाल्या तेव्हा थांबले. आठ महिने हे आत होतं आणि यावर कापलेलं मी सासूबाईंना वाढत होते, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाहीये. आता वास नाही, ट्रे बोटाच्या धक्क्याने सरकतो. फक्त ब्लीचनंतर पातं रात्रभर ओट्यावर आडवं राहिलं आणि सकाळी खालच्या बाजूला तीन-चार तांबूस ठिपके दिसले. स्टेनलेस स्टील आहे ना, मग गंज कसा?

पक्कड_पाना:
स्टेनलेसला पण क्लोरीनने गंज चढतो, आडवं ठेवल्यावर खाली ब्लीचचं पाणी साचून राहिलं असणार. बेकिंग सोडा आणि पाण्याची पेस्ट मऊ कापडावर घेऊन मधून बाहेर चोळा, ग्लोव्ह्ज घालूनच. तारेची घासणी नको, तिचे ओरखडे पडले की घाण तिथेच बसते. ठिपके गेले आणि नख फिरवून खड्डा लागला नाही तर पातं चांगलं आहे, बिनधास्त वापरा. खड्डा लागला तर बदला. पुढच्या वेळी पातं उभं टेकवून वाळवा.